सात कार्डांचा क्रम

१

मी पोचले तेव्हा थोरले आपल्या खुर्चीत मरून बसले होते, आणि दोन मजले खाली त्यांच्या सख्ख्या भावाला लोक लाथांनी तुडवत होते. मेलेला माणूस कुठे पळून जात नाही. मी आधी जिवंताकडे धावले.

छापखान्याच्या अंगणात तीस-चाळीस कामगार होते. एकाच्या हातात यंत्राचा पाना होता, आणि त्याने तो कुठे वापरला होता हे खाली पडलेल्या म्हाताऱ्याच्या जबड्याकडे पाहून कळत होते. मी काठी चालवली. पहिला तडाखा त्या माणसाच्या मनगटावर बसला, दुसरा गडबडीत माझ्याच हवालदाराच्या पाठीत. तो अजूनही चारचौघांत ते काढतो. म्हाताऱ्याला आम्ही फरफटतच कागदाच्या गोदामात नेले आणि शटर खाली ओढले. लगेच त्यावर विटा, दगड, लोखंडाचे तुकडे आदळू लागले.

"मॅडम, खुनी आहे तो!" बाहेरून कोणीतरी ओरडले. "सळई त्याच्याच हातात होती! पाच वाजता पाळी सुटते. दीडशे माणसं बाहेर येतील. मग बघू तुमचं शटर किती टिकतं ते!"

घड्याळात दोन वाजून वीस मिनिटे झाली होती. जादा कुमक मागितली, तर शहराच्या दुसऱ्या टोकाला दंगल पेटली होती. सहाच्या आत कोणी मिळणार नव्हते. माझ्याकडे चार हवालदार आणि एक पत्र्याचे शटर.

म्हातारा तळमजल्यावर पुस्तके बांधायचा. सगळे त्याला बाइंडरकाका म्हणत. त्याचे हात कोपरापर्यंत रक्ताने भरले होते. बोटांवर कागद चिकटवायची पांढरी खळ थापली होती, ती आता वाळून तडकत होती. जबडा लोंबत होता, तोंडून नुसती लाळ आणि रक्त. मी वही आणि पेन्सिल त्याच्यापुढे धरली.

"तुमच्या भावाला कोणी मारलं?"

त्याने माझ्याकडे पाहिले नाही. एकच अक्षर लिहिले. मी.

"मिटलं की मॅडम," पाठ चोळत हवालदार म्हणाला.

मला काही ते मिटल्यासारखे वाटेना. बावीस वर्षांत मी शेकडो मारेकरी पाहिले. मार खाल्लेला माणूस आधी 'मी नाही, मी नाही' म्हणून बोंबलतो, मग हळूहळू कबूल होतो. याला विचारायचा अवकाश, लगेच लिहून मोकळा. त्याच्या खिशात आणखी एक सळई सापडली. नवी कापलेली, जेमतेम फूटभर, दोन्ही टोके कानशीने घासून गुळगुळीत केलेली. तिच्यावर रक्ताचा थेंब नव्हता. ती कशासाठी, हे विचारल्यावर मात्र म्हाताऱ्याने पेन्सिल टाकून दिली आणि डोळे मिटून घेतले.

२

थोरले छापखान्याच्या वरच्या मजल्यावर बसून इंग्रजीचा मोठा कोश करत होते. एकेक इंग्रजी शब्द घ्यायचा आणि त्याचे आपल्या भाषेत जितके अर्थ होतील तितके वेगवेगळे मांडायचे, हे त्यांचे काम. बावीस वर्षे झाली होती आणि गाडी इंग्रजीच्या सोळाव्या अक्षरावर आली होती. खाली कामगारांच्या पोरांचे अर्ज, लग्नाच्या पत्रिका, सगळे ते फुकट लिहून देत. त्यामुळे खालच्या मजल्यावर ते देव होते. वरच्या मजल्यावर ते काय होते, हे मला अजून कळायचे होते.

खोलीभर लाकडी ड्रॉवर होते. प्रत्येक ड्रॉवरमध्ये कार्डे, एका कार्डावर एकच अर्थ. कार्डांना खाली भोक, आणि त्या भोकांतून ड्रॉवरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटाएवढी जाड, दोन फुटांची लोखंडी सळई. पुढचा पितळी गोळा फिरवून सळई बाहेर काढल्याशिवाय एकही कार्ड हलत नाही. तीच सळई थोरल्यांच्या उजव्या कानाखालून आत घुसली होती. मारणाऱ्याने ती तशीच ठेवली, आणि नंतर बाइंडरकाकांनी ती उपसली. मग जे रक्त उडाले ते त्यांच्या अंगावर, टेबलावर आणि बंद ड्रॉवरच्या तोंडावर. एक वाजून दहा मिनिटांनी टायपिस्ट आत आला तेव्हा काका सळई हातात घेऊन उभे होते.

ड्रॉवर मी उघडला. आत सगळे कोरडे, नीटनेटके. फक्त सर्वांत पुढच्या सात कार्डांवर रक्त होते. पहिल्याच्या मधोमध तीन थेंब. दुसरे स्वच्छ. तिसऱ्याच्या कोपऱ्यावर रुपयाएवढा डाग, चौथ्याच्या पाठीवर शिंतोडे, पाचवे पुन्हा कोरे. कार्डे गठ्ठ्यात असताना रक्त सांडले असते तर वरचे भिजले असते, खालच्यांना झळही लागली नसती. म्हणजे वार झाला तेव्हा ती टेबलावर पसरलेली होती. मग कोणीतरी ती गोळा केली, कडा ठोकून सारख्या केल्या, आत ठेवली आणि ड्रॉवर लावून घेतला.

आता खळ पाहा. सळईवर रक्त होते आणि त्या रक्तावर खळीची पांढरी बोटे. दाराच्या कडीला खळ, खुर्चीच्या हाताला खळ. बाइंडरकाका जिथे हात लावतील तिथे खळ लागत होती. सात कार्डांवर तिचा टिपूसही नव्हता.

काकांनी कार्डांना हात लावला नव्हता. ते येण्याआधीच दुसरे कोणीतरी या खोलीत उभे होते. समोर माणूस मानेतून रक्त गाळत होता आणि या महाभागाने पळून जायचे सोडून सात कार्डे नीट लावून ठेवली होती. असले खूळ कोणाला सुचेल? मला तर सुचले नसते. मी कपाटसुद्धा पायाने लावते.

३

वरच्या मजल्यावर तिघेच काम करत. एक ते एक-दहा या वेळात तिघेही एकटे होते, आणि कोणाबद्दलही 'मी याला पाहिले' म्हणणारे कोणी नव्हते. तिघेही धुळीसाठी काळे डगले घालत, त्यांवर रक्ताचा डाग नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. डगले आणि कार्डांवरचे ठसे तपासून यायला चार दिवस लागतात. माझ्याकडे अडीच तास होते.

आधी मास्तर. उपसंपादक, वय साठीच्या पुढे, कपाळावर उभी जुनी खोक.

"ही कशाची?" मी विचारले.

"दौतीची. थोरल्यांनी फेकून मारली. भरलेली होती."

"कशावरून?"

"क्रमावरून." म्हातारा एकदम पेटला. "मॅडम, शब्दाचा जो अर्थ जुना, तो आधी यायला हवा. आजोबा आधी, नातू नंतर. थोरले म्हणायचे, मी ठरवीन तो क्रम. सोळा वर्षं मी भांडलो. काल त्यांनी माझी चारशे कार्डं माझ्यासमोर फाडली."

"म्हणून मारलंत?"

"मारायचंच असतं तर दौतीच्या दिवशीच मारलं नसतं का?" ते म्हणाले आणि रडू लागले. मला पुरुषांचे रडणे बघवत नाही, मी त्यांना बाहेर पाठवले.

टायपिस्ट चाळिशीचा, गोल, घामाघूम. त्याला मी काही विचारण्याआधीच तो सांगू लागला की तो संडासात होता, पोट बिघडले होते, कधीपासून, काय खाल्ल्याने. मी हात वर करून ते पुराण थांबवले आणि फूटभर सळई त्याच्यापुढे ठेवली.

"ही कुठल्या ड्रॉवरची?"

"आमच्यात एवढा आखूड ड्रॉवरच नाही हो. पण ही मी सकाळी पाहिली. थोरल्यांनीच कापायला सांगितली होती म्हणे. काका ती घेऊन वर आले, तर थोरले कामात होते, म्हणाले जेवणाच्या सुट्टीत आण. मग जाता जाता काका सूनबाईंना विचारत होते, ही कशाला हवीय दादाला म्हणून."

"सूनबाई काय म्हणाल्या?"

"काही नाही. त्या बोलतात कुठे? लिहितात."

सूनबाई थोरल्यांच्या मुलाची बायको. मुलगा जाऊन अकरा वर्षे झाली. तेव्हापासून ती इथे, कार्डांवर प्रत्येक अर्थासाठी उदाहरणाचे वाक्य लिहायला. पस्तिशीची, सडपातळ, डोळ्यांत पाणी नाही. चहाचा कप तिने बोटांनी धरला नाही, दोन्ही तळव्यांमध्ये धरला. मी तिच्या बोटांकडे पाहिले. पेरांवर आडवे वळ होते, काही जुने काळे, काही ताजे लाल.

"बोटं ड्रॉवरमध्ये चेंगरली," ती म्हणाली.

"दहाही?"

तिने कप खाली ठेवला. मग विचारले, "काका कसे आहेत?"

तिघांपैकी हा प्रश्न तिने एकटीनेच विचारला होता. मी खरे ते सांगितले. जबडा मोडलाय, तीन बरगड्या गेल्यात, आणि मीच मारले असे लिहून दिलेय. पाच वाजता शटर तुटले तर त्यांचे तुकडेही गोळा करता येणार नाहीत. ती नखाएवढीही हलली नाही. पण चेहऱ्यावरचे रक्त असे उतरले की मला वाटले, आता ही पडणार.

खाली काचेची खिडकी फुटल्याचा आवाज आला. हवालदार कपाळ धरून वर आला, बोटांतून रक्त ओघळत होते. "मॅडम, तुमचं शब्दांचं चाललंय ते लवकर आटपा," तो म्हणाला. "खाली शब्दांनी भागणार नाही."

४

सात कार्डे एकाच इंग्रजी जोडशब्दाची होती: 'पुट डाउन'. शाळेत मी इंग्रजीत काठावर पास होत असे, पण अर्थ आपल्या भाषेत लिहिलेले होते, तेव्हा माझे अडले नाही. एका कार्डावर हातातली वस्तू खाली ठेवणे. एकावर कागदावर लिहून घेणे. एकावर बाळाला निजवणे. एकावर विमान जमिनीवर उतरवणे. एकावर बंड मोडून काढणे. एकावर दुखण्याने जर्जर झालेल्या जनावराला मारून टाकणे. आणि एकावर चारचौघांत पाणउतारा करणे. दोन साधे शब्द, त्यांतून बाळही निजते आणि कुत्रेही मरते. इंग्रजीला कोणी सरळ म्हणू नये.

हे सात कोणत्या क्रमाने ड्रॉवरमध्ये होते ते मी तिघांपैकी कोणालाही सांगितले नव्हते. ड्रॉवर उघडल्याचेही नाही.

प्रत्येक कार्डाच्या दोन कार्बन प्रती कपाटात असतात, असे टायपिस्टकडून कळले. कपाटातून त्या काढल्या, तिसरा संच त्याच्याकडून झरझर टाइप करून घेतला, आणि तिघांना तीन खोल्यांत बसवले. प्रत्येकाच्या टेबलावर सात कार्डे वेडीवाकडी विस्कटली, दोन उलटी टाकली, एक जमिनीवर. "चहा येतोय, तोवर बसा," म्हणाले आणि बाहेर आले. कार्डांबद्दल चकार शब्द काढला नाही.

पंधरा मिनिटे थांबले. तो काळ मला जड गेला. चार वाजून दहा मिनिटे झाली होती, खाली कोणीतरी लोखंडी खांबाने शटरवर धडका देत होते, आणि प्रत्येक धडकेला जिन्याचा कठडा हादरत होता.

टायपिस्टने सातही कार्डांच्या कडा जुळवून वर कप ठेवला होता. क्रम जसा हाती आला तसा. "लावणं माझं काम नाही हो, मी फक्त बडवतो," तो म्हणाला.

मास्तरांनी कार्डे लावली होती. खाली ठेवणे सर्वांत वर, विमान सर्वांत शेवटी. विमाने कालची पोरे, म्हणून शेवटी. लावल्याचे त्यांना भानही नव्हते. मी दाखवले तेव्हा स्वतःच दचकले.

सूनबाईंच्या टेबलावर गठ्ठा नीट ठोकून ठेवलेला होता. ती खिडकीपाशी पाठ करून उभी होती. मी वरचे कार्ड उचलले, मग दुसरे, मग तिसरे. सातवे पाहिले आणि गठ्ठा होता तसा खाली ठेवला. खरे सांगते, तो मास्तरांचा क्रम निघाला असता तर मला बरे वाटले असते.

५

मी दार लावून घेतले आणि रक्ताची कार्डे तिच्या गठ्ठ्याशेजारी मांडली. दोन्हींत तोच क्रम. पहिले पाणउतारा करणे. दुसरे खाली ठेवणे. मग लिहून घेणे, बाळाला निजवणे, विमान, बंड. शेवटचे जनावराला मारून टाकणे.

"मास्तर जुना अर्थ आधी घेतात," मी म्हणाले. "तुम्ही?"

"जो जास्त वापरात, तो आधी." आवाज कोरडा होता.

"जगात कोणालाही विचारा, 'खाली ठेवणे' जास्त वापरात आहे. तुमच्याकडे पाणउतारा पहिला कसा?"

ती वळली. "मी माझ्या घरातला वापर मोजते," ती म्हणाली.

खालून धडक बसली, टेबलावरचा कप खुळखुळला.

मग ती सगळे सांगत गेली, जणू एकेक उदाहरण लिहून देत होती. मामंजींचा नियम होता, कार्ड चुकले की सळई काढायची आणि हात पुढे करायला सांगायचा. पाहुणे असले तर पाहुण्यांसमोर. अकरा वर्षे. ती सोसत राहिली, कारण तिला आणि तिच्या मुलीला दुसरे घर नव्हते. कार्डांना ती नेहमी आपल्या क्रमाने लावायची आणि नेहमी मार खायची.

"आज सकाळी काकांनी ती आखूड सळई दाखवली," ती म्हणाली. "विचारलं, सूनबाई, आपल्यात एवढा लहान ड्रॉवर आहे का गं? मी मानेनंच नाही म्हटलं. आणि मग मला कळलं. कालच मामंजी म्हणाले होते, पोरगी नऊ वर्षांची झाली, उद्यापासून शाळेतून इकडेच यायचं, कार्डं लावायला शिकायचं. मोठी सळई तिच्या हाताला जड पडली असती. बोटं मोडली असती. म्हणून लहान करून घेतली. काळजीनं." ती हसली, आणि ते हसू मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"काकांना माहीत नव्हतं?"

"सकाळी नव्हतं. एक वाजता मी मामंजींना विचारायला गेले, ती कोणासाठी म्हणून. ते कार्डं पसरून बसले होते. मान वर न करता म्हणाले, तुझ्यासारखी मठ्ठ निघू नये म्हणून. ड्रॉवरची मोठी सळई काढून टेबलावरच ठेवलेली होती." ती थांबली. "मी पूर्ण जोर लावला. हाड लागलं तेव्हाही थांबले नाही."

"आणि मग कार्डं लावलीत."

"दोन खाली पडली होती. कार्ड जमिनीवर दिसलं की मार. मला वाटलं, आता ते ओरडतील. ते खुर्चीत मरत होते आणि मी त्यांना घाबरून कार्डं गोळा करत होते." तिने ओठ दाबून धरले. "लावताना मात्र माझ्या क्रमानं लावली. पहिल्यांदाच कोणी काढून टाकणारं नव्हतं. जिन्यात काका भेटले, खिशात ती सळई घेऊन वर येत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या बोटांकडे पाहिलं. तेवढ्यात सगळं ओळखलं त्यांनी."

"तुम्ही गप्प बसला असता तर तो म्हातारा पाच वाजता मेला असता."

"माहीत आहे," ती म्हणाली. "दोन तास मी स्वतःला सांगत होते, मुलीला आई हवी. काकांचं वय झालंय. असं सांगता येतं, मॅडम. मामंजीही स्वतःला असंच काहीतरी सांगत असतील. चला खाली."

मला संताप आला. तिचा नाही. त्या खुर्चीत बसलेल्या माणसाचा, ज्याला मी आता दोन कानशिलातही देऊ शकत नव्हते.

पाचला पाच मिनिटे कमी असताना आम्ही गोदामात आलो. तिला पाहताच काका गुडघ्यांवर सरकत पुढे आले, वही ओढून घेतली आणि मोडक्या तोंडाने कसलेसे आवाज काढत पानभर लिहीत सुटले. मी मी मी मी. तिने वही हळूच त्यांच्या हातातून काढून घेतली आणि मिटली.

मी शटर स्वतः वर केले. पहिली वीट माझ्या खांद्याला लागली. पान्याचा माणूस सर्वांत पुढे होता. मी ती फूटभर सळई त्याच्या हातात दिली.

"घरी मुलं आहेत?"

"दोन," तो गोंधळून म्हणाला.

"धर. किती वजन आहे बघ. तुमच्या थोरल्यांनी ही नऊ वर्षांच्या नातीच्या बोटांसाठी कापून घेतली होती. सुनेच्या बोटांसाठी मोठी होती. सूनबाई, हात दाखवा."

तिने दोन्ही हात पुढे केले. इतक्या वर्षांच्या सवयीने, तळवे खाली आणि बोटे सरळ. तो माणूस तिच्या पेरांकडे बघत राहिला. मग सळई त्याच्या हातातून गळून फरशीवर वाजली, आणि एवढ्या गर्दीत तेवढाच आवाज झाला. मागचे काय झाले म्हणून विचारत होते, पुढचे कोणी सांगेना. माणसे हळूहळू बाजूला होत गेली.

गाडीत बसण्याआधी ती काकांजवळ वाकली. "सव्वापाचला ती शाळेतून येईल," ती म्हणाली. "जेवल्याशिवाय निजवू नका. आणि दिवा लगेच मालवू नका, तिला भीती वाटते." काकांनी मान हलवली. जबड्यातून पुन्हा रक्त येऊ लागले होते.

पंचनाम्यात मी सातही कार्डे लिहिली. हवालदार म्हणाला, 'खाली ठेवणे' आधी घ्या ना मॅडम, वाचणाऱ्याला सोपे जाईल. मी ऐकले नाही. तिने लावली होती त्याच क्रमाने ती घेतली.